नाक्यावरचा बोर्ड

वटारच्या वाडीत ॲन्सेल्म तुस्कानोची पाण्याची मोटर आहे, आणि मोटरीवर पाऊस पडू नये म्हणून एक जुना फ्लेक्स बांधलेला आहे. बाहेरून तो नुसता पांढरा दिसतो, कारण छापलेली बाजू आत आहे. वाकून बघितलं तर दोन वेण्यांची एक शाळकरी मुलगी दिसते, तिचे कान जरा मोठे आलेत, आणि डोक्यावर अक्षरं आहेत, ‘वटारच्या सुकन्येची गगनभरारी!’ ती मुलगी म्हणजे जोआना, ॲन्सेल्मची एकुलती एक लेक. नऊ वर्षांपूर्वी हा बोर्ड नाक्यावर, क्रुसाच्या शेजारी, चार महिने टांगलेला होता. त्या चार महिन्यांचा ॲन्सेल्मला आजही पश्चात्ताप होतो, आणि इतकी वर्षं त्यातलं एक अक्षर त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

तसा माणूस सरळ. गावात त्याला कुणी वाईट म्हणणार नाही. अडतीस वर्षं त्याने मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजात नोकरी केली. मोठ्या म्हणजे कसल्या, तर नाव सांगितलं की लग्नाच्या मांडवात लोक बसायला खुर्ची पुढे करतात असल्या. फक्त ॲन्सेल्म तिथे शिकवायला नव्हता. तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होता. ब्युरेट धुवायच्या, बाटल्या भरायच्या, बर्नरच्या नळ्या तपासायच्या, पोरांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या. सगळी प्रॅक्टिकल्स त्याला तोंडपाठ होती. परीक्षेत एखादं पोर अडलं की हा फडकं मारत मारत जवळून जायचा आणि हळूच म्हणायचा, “हिरवं दिसतंय ना, निकेल बघ.” अशी किती पोरं पास झाली ते त्या पोरांनाच ठाऊक. ती त्याला ‘ॲन्सेल्म’ म्हणायची. अठरा वर्षांची पोरं, पन्नाशीच्या माणसाला. अंकल नाही, काका नाही, नुसतंच ॲन्सेल्म. त्याला लागायचं, पण तो हसायचा.

त्याच कॉलेजात त्याला विद्यार्थी म्हणून जायचं होतं, ही गोष्ट मात्र त्याने लग्नानंतर इनेझला एकदाच सांगितली. एकोणऐंशी साली दहावीला तो केंद्रात दुसरा आला होता. फॉर्म भरला, मुलाखतीला बोलावणं आलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी इंग्रजीत विचारलं, या कॉलेजातच का यायचं आहे? उत्तर त्याच्याकडे होतं, चांगलं लांबलचक होतं, पण ते गावच्या बोलीत होतं. इंग्रजीतलं एकही वाक्य जिभेवर येईना. तो खाली बुटांकडे बघत राहिला. बूटही मामाचे होते. चार वर्षांनी त्याच इमारतीत तो मागच्या दाराने शिरला, म्हणजे अक्षरशः मागच्या दाराने, कारण नोकरांचं दार मागे होतं.

तिथे त्याने हुशार पोरं बघितली तशी ठोंबीही बघितली. पण ठोंबं पोरसुद्धा तीन वर्षांनी बाहेर पडताना वेगळं चालायचं. मान वर, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे. ही चाल पुस्तकात नव्हती आणि प्रयोगशाळेत तर मुळीच नव्हती, ती कुठून येते हे त्याला कधी कळलं नाही. माझी पोरगी अशी चालली पाहिजे, एवढं मात्र त्याने मनाशी पक्कं केलं.

पोरगी कशी होती? बडबडी. सकाळी उजाडता उजाडता बापाबरोबर सोनचाफा काढायला जायची आणि शेवटचं फूल टोपलीत पडेपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. शाळेत कोण काय म्हणालं, फादरांनी मिस्सेत कुठला शब्द चुकवला, कलम का जगलं नाही, सगळं. “पप्पा, तू ऐकतोस ना?” असं मध्येमध्ये विचारायची. बापाला ती ‘तू’च म्हणायची. बारावीनंतर जवळच्याच कॉलेजात बी.एस्सी. करायची, मग वाडीत नर्सरी काढायची, असा तिचा बेत होता. ॲन्सेल्म हसायचा. एवढं डोकं घेऊन रोपं विकणार? त्याला त्यात स्वतःचे मामाचे बूट दिसायचे.

मग शाळेच्या एका बाईंनी तिच्याकडून दूरच्या एका नामांकित विद्यापीठाचा फॉर्म भरून घेतला. निवड झाली, वर शिष्यवृत्तीही मिळाली, म्हणजे नाही म्हणायला पैशाचं कारणही उरलं नाही. जोआना म्हणाली, “पप्पा, मला नक्की जमेल का? मला इथं बरं वाटतं.” ॲन्सेल्म म्हणाला, “बरं वाटणं आणि बरं होणं यात फरक आहे.” आपण फार मोठं काहीतरी बोललो असं त्याला त्या वेळी वाटलं.

बोर्डाची कल्पना ऑस्करची. ऑस्कर गावचा पुढारी नव्हे, पण पुढे पुढे करणारा. कुणी दहावी पास झालं, कुणाला नोकरी लागली, कुणी नुसतं परदेशात जाऊन आलं, की दोन दिवसांत याचा बोर्ड नाक्यावर. त्यात शुभेच्छुक म्हणून ऑस्करचा फोटो सत्कारमूर्तीपेक्षा बोटभर मोठा. ॲन्सेल्मने नको म्हणायला हवं होतं. त्याने उलट जोआनाच्या शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो काढून दिला.

इनेझ पाचूबंदरची. कोळ्याची पोर वाडीत सून म्हणून आली तेव्हा गावाने भुवया उंचावल्या होत्या, पण तिने गावाला कधी भीक घातली नाही. बोर्ड बघून ती नवऱ्याला म्हणाली, “आमच्या बंदरात बोट किनाऱ्याला लागल्याबिगर मावरं किती गावलं ते कोन तोंडातून काढत नाय. पोरगी अजून गेली पन नाय आनि तुमी तिचा फोटो टांगता?”

“चांगल्या गोष्टीचा आनंद करायचा नाही का?”

“आनंद घरात करा. नाक्यावर कशाला?”

ॲन्सेल्मने ते कानाआड केलं. रोज कामावर जाता-येता तो त्या बोर्डाखाली दोन क्षण थांबायचा. चपलेत खडा गेल्यासारखं करायचा, म्हणजे कुणाला संशय नको. चारचौघे म्हणायचे, “ॲन्सेल्म, पोरीने नाव काढलं!” त्याची छाती फुगायची. आयुष्यात पहिल्यांदा गाव त्याच्याकडे बघत होतं, त्याच्या हातातल्या डब्याकडे नव्हे.

ऑगस्टमध्ये जोआना गेली. निघताना मम्मीच्या गळ्यात पडली, बापाला म्हणाली, “येते, पप्पा.” आपल्याकडे निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, आणि इनेझच्या माहेरी तर तो शब्द पापच. दर्यावर जाणारा माणूस ‘येतो’ म्हणूनच उंबरा ओलांडतो, म्हणजे तो परत येतो. जोआनाला हे बाळपणापासून पढवलेलं होतं. ॲन्सेल्मही म्हणाला, “ये.”

नोव्हेंबरात एका दुपारी फोन आला. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. एका पोराला टायट्रेशन जमत नव्हतं म्हणून ॲन्सेल्म त्याच्या शेजारी उभा राहून ब्युरेटची चावी स्वतः धरून दाखवत होता. एका हाताने त्याने फोन कानाला लावला.

“पप्पा, बोलू शकतोस?”

“बोल पटकन.”

ती पटकन बोलली नाही. म्हणाली, “इथं सगळे खूप बोलतात, पप्पा. वर्गात, जेवताना, सगळीकडे. कुणी वाईट नाहीये. पण मी दिवसदिवस काही बोलतच नाही. मला माझाच आवाज विसरल्यासारखं झालंय.” मग म्हणाली, “आपल्या इकडच्या कॉलेजात अजून घेतील म्हणाले. मी चौकशी केली. पप्पा, मी घरी येऊ?”

ॲन्सेल्मच्या डोळ्यांपुढे पोरगी आली नाही. बोर्ड आला. गगनभरारी आली, ऑस्कर आला, खुर्ची पुढे करणारे लोक आले. तो आवाज खाली करून म्हणाला, “जोआना, नाक्यावर तुझा बोर्ड आहे अजून. लोक रोज बघतात. परत आलीस तर त्या बोर्डाखालून कशी जाशील?”

मग ती म्हणाली, “बरं, पप्पा.”

फोन बंद झाला तेव्हा समोरचं शंकुपात्र गडद गुलाबी झालं होतं. बोलण्याच्या नादात चावी उघडीच राहिली होती. फिकट गुलाबी आलं की थांबायचं असतं, पुढे गेलं की रीडिंग वाया. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून ते कधी झालं नव्हतं. “सॉरी हं,” तो त्या पोराला म्हणाला, “पुन्हा करू.” पोराचं पुन्हा झालं.

त्या संध्याकाळी आपण बापाचं कर्तव्य केलं असंच त्याला वाटत होतं. इनेझला सांगायचं राहिलं. म्हणजे त्याने सांगितलं नाही. ती मासळी विकून दमून आली होती, हे झालं कारण. खरं कारण असं की इनेझ काय म्हणाली असती ते त्याला माहीत होतं. ती म्हणाली असती, ‘ये’.

नाताळाच्या आधी ऑस्करला स्वतःच्या शुभेच्छांसाठी जागा हवी झाली, तेव्हा बोर्ड उतरला. ज्याच्यासाठी पोरीला घरी येऊ दिलं नाही, तो सहा आठवडेसुद्धा टिकला नाही. ॲन्सेल्म तो गुंडाळून घरी घेऊन आला. टाकवेना, लावायला जागा नव्हती, शेवटी मोटरीवर बांधला.

जोआना नाताळात आली. अंगाने बरी होती, हसत होती, कुकीज वाटत होती. निघताना मम्मीला मिठी मारून बापाला म्हणाली, “निघते, पप्पा.” इनेझने टोकलं, “निघते काय गं? येते म्हन.” ती नुसती हसली. तिने ‘जाते’ म्हटलं नव्हतं, कुणाला दोष देता येणार नव्हता, पण ‘येते’ तिने त्या दिवशी म्हटलं नाही आणि नंतरही कधी म्हटलं नाही. आणखी एक बदल इनेझच्या लक्षात आला. “पोरगी आता तुमाला ‘तुम्ही’ बोलते. शिकली ना,” असं ती कौतुकाने म्हणाली. ॲन्सेल्मने मान डोलावली आणि उठून विहिरीकडे गेला.

तिचं पुढे वाईट झालं असं नाही. झालं असतं तर ॲन्सेल्मला निदान मोकळेपणी रडता आलं असतं. ती चार वर्षं तिथे राहिली, चांगली शिकली, बक्षिसंही मिळवली. एकदा हे दोघं तिथे जाऊन आले. कापलेली हिरवळ, काचेचं ग्रंथालय, नावाने हाक मारणारे प्राध्यापक. सगळं खरंच छान होतं. तिच्या मैत्रिणींनी ॲन्सेल्मला अंकल म्हटलं, बसायला खुर्ची दिली. जोआना लांबून चालत आली तेव्हा त्याने बघितलं, मान वर, डोळ्यांत डोळे. ज्यासाठी अट्टाहास केला ती चाल पोरीला आली होती. तिने जवळ येऊन विचारलं, “पप्पा, तुम्ही दमलात का?”

मग बंगलोरला नोकरी. दर रविवारी मिस्सा झाल्यावर फोन. तब्येत, पाऊस, मोटर चालू आहे ना. आवाजात माया असायची, नाही असं नाही, पण बातमी नसायची. तिला ताप येऊन गेला तरी महिन्याने कळायचं. ज्या पोरीला थांबवावं लागायचं तिच्या फोनवर आता ॲन्सेल्म विषय शोधत बसायचा.

आणि लेस्ली. लेस्ली म्हणजे ऑस्करचा मुलगा, जोआनाच्याच वर्गातला. त्याला मार्क तिच्यापेक्षा कमी नव्हते, पण आईला सोडून जायचं नाही म्हणून इथल्याच कॉलेजात गेला. संध्याकाळी फुटबॉल, रविवारी चर्चच्या गायनवृंदात. गेल्या वर्षी कळलं की तो जोआनाच्याच कंपनीत आहे. तिच्याच टीममध्ये, दोन टेबलं सोडून. ऑस्करने हे मिठाई देऊन सांगितलं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी ॲन्सेल्मने पेढा तसाच खिशात टाकला.

या मे महिन्यात जोआना आतेभावाच्या, डिलनच्या, लग्नाला आठवडाभर घरी आली होती. रविवारी मिस्सेनंतर शेजारचा जोनाथन आपल्या लेकीला, ॲनिशाला, घेऊन आला. जोनाथन बँकेत आहे, सज्जन माणूस. ॲनिशाला त्याच विद्यापीठाचं बोलावणं आलं होतं. पोरगी खुर्चीच्या कडेला बसून नखं खात होती.

“दादा, ऑस्करने बोर्ड छापायला टाकलाय,” जोनाथन म्हणाला. “वर जोआनाचा फोटो, खाली हिचा. दोन सुकन्या! पण म्हटलं आधी जोआनाला विचारावं. बाळा, तूच सांग, पाठवू का? त्या कॉलेजाचा खरंच एवढा उपयोग होतो?”

जोआनाने चहाचा कप खाली ठेवला. ती नीट विचार करून बोलते, तिथेच शिकली असेल. “अंकल, लेस्ली आणि मी एकच काम करतो. तो इथल्या कॉलेजचा, आणि माझ्याआधी टीम लीडर झाला. त्यामुळे नोकरीसाठी म्हणाल तर जो शिकणारा आहे तो कुठेही शिकतो. पण मला तिथं चांगले शिक्षक मिळाले. चार माणसांत बोलायची भीती गेली. फुकट गेलं असं मी म्हणणार नाही.”

“म्हणजे पाठवू?”

“तिला जायचंय का?”

हा प्रश्न कुणी विचारला नव्हता असं जोनाथनच्या चेहऱ्यावरून दिसलं. ॲनिशाने नखं खायची थांबवली आणि जोआनाला विचारलं, “दीदी, तुला कधी परत यावंसं वाटलं?”

आता ती सांगेल, असं ॲन्सेल्मला वाटलं. सांगावं असंही वाटलं. जोआनाने बापाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “पहिल्या वर्षी सगळ्यांनाच वाटतं गं.”

तिने त्याचं झाकलं. नऊ वर्षं झाकतच आली होती, आणि तो समजत होता की आपणच तेवढं पोटात ठेवलंय. ते मात्र त्याला सहन झालं नाही.

“तिने मला विचारलं होतं,” तो म्हणाला. आवाज मोठा निघाला, स्वयंपाकघरातून इनेझ दारात आली. “फोन करून विचारलं होतं, पप्पा, येऊ का? मी म्हटलं, नाक्यावर बोर्ड आहे.”

मग तो जोनाथनकडे वळला.

“जोनाथन, पोरीला जायचं असेल तर पाठव. चांगली जागा आहे, मी बघितलीय. पण बोर्ड लावू नको. आणि तिचा तसा फोन आला तर आधी ‘ये’ म्हण. कारणं मागाहून विचार.”

जोनाथन “हो हो, दादा” म्हणत उठला. ॲनिशा दारातून “येते, आंटी” म्हणाली. इनेझने तिला ‘ये’ म्हटलं, दार लोटलं आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. “नऊ वर्षं ताटाला ताट लावून माझ्यासंगं जेवलात,” ती म्हणाली, “आनि ही गोष्ट मला सांगितली नाय? माजी पोर ती. मी तिला पायी जाऊन आनली असती.” एवढं बोलून ती रडली. इनेझला रडताना ॲन्सेल्मने फार थोड्या वेळा बघितलं होतं. जोआनाने आईला जवळ घेतलं, “झालं ते झालं, मम्मी,” म्हणाली. बापाला ती काहीच म्हणाली नाही. तीन दिवस ती त्याच्याशी नेहमीसारखीच, नीट, प्रेमाने वागली. पाणी हवं का, गोळी घेतली का.

तिच्या जायच्या दिवशी सकाळी नाक्यावर बोर्ड लागला. जोनाथनने ऑस्करला सांगून पाहिलं होतं म्हणे, पण छापून झालेला. वर दोन वेण्यांची जोआना, तोच फोटो, तेच कान. खाली ॲनिशा. बाजूला ऑस्कर.

टॅक्सी फाटकाशी आली. ॲन्सेल्मने बॅग ठेवली. पुडीत बांधलेला सोनचाफा तिच्या हातात दिला, पहाटे एकट्याने काढलेला. जोआना मम्मीला भेटली, मागच्या सीटवर बसली आणि काच खाली करून म्हणाली, “निघते, पप्पा.”

“ये,” ॲन्सेल्म म्हणाला. आणि ते पुरेसं वाटलं नाही म्हणून दाराला धरून पुन्हा म्हणाला, “ये गं. कधीही ये. विचारू नको.”

ती हातातल्या पुडीकडे बघत राहिली. ड्रायव्हरने गाडी चालू केली तेव्हा तिने मान वर केली.

“तू एवढंच म्हणायचं होतंस तेव्हा, पप्पा.”

नऊ वर्षांनी ती त्याला ‘तू’ म्हणाली होती. टॅक्सी निघाली. ॲन्सेल्म फाटकाला धरून उभा राहिला. गाडी नाक्याकडे वळली आणि बोर्डाखालून गेली. तिने वर बघितलं की नाही, ते तिथून दिसत नव्हतं.